फाटक्या लुगड्यांची संक्रांत

पौषातलं ऊन ओसरीवर उतरलं की सुनेची लगबग सुरू होते. तीळ भाजल्याचा वास घरभर फिरतो, बत्त्याखाली गुळाची ढेप फुटते. परवा ती पाटावरच्या चार घड्या पुढे सरकवून म्हणाली, "सासूबाई, हळदीकुंकवाला यातलं कोणतं नेसताय?" मी त्या घड्यांवरून हात फिरवला. इरकली काठ, एक रेशमी, दोन सुती. एकही कुठे उसवलेलं नाही. मला हसू आलं, आणि का आलं ते तिला लगेच सांगता येईना.

मी आता बीडला धाकट्या लेकाकडे असते. निजामाचं राज्य जाऊनही बरीच वर्षं झाली. पण पौष आला की मला ते दुसरंच गाव दिसतं, दिंद्रुडपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावरचं. तिथे मी कासाराच्या घरात सून म्हणून गेले आणि तिथेच बांगड्या भरायला शिकले. डोक्यावर टोपली, तिच्यात सुतळीत ओवलेल्या हिरव्या, लाल, पिवळ्या चुड्यांच्या माळा. पाटलाच्या वाड्यापासून मोमीन गल्लीपर्यंत कुठल्याही दारात मला कुणी "कोण हाय?" असं विचारलं नाही. टोपलीची किणकिण आधी पोचायची. अक्षरं मी फार उशिरा शिकले, माणसं मात्र हातावरूनच वाचत आले.

त्या वर्षी पाऊस मृगात एकदा तोंड दाखवून गेला तो गेलाच. खरीप जळालं. परतीच्या पावसावर जवारी पेरू म्हणून लोकांनी वाट पाहिली, तर जमीन तशीच भेगा दाखवत पडून राहिली. एरवी पौषात आमच्याकडे रानात पाऊल टाकायला जागा नसते. हुरड्याचा धूर, हरभऱ्याच्या घाट्यांची आंबट चव, बोरं, गाजरं, कुणाच्या तरी मळ्यातला ऊस. संक्रांतीचं सुगड याच वस्तूंनी भरायचं. त्या वर्षी कुंभारानं सुगडं घडवली, पण त्यांत घालायचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात मनातल्या मनात फिरत होता. तोंडानं कुणी बोलत नव्हतं.

हे न बोलणं मला आज सगळ्यात जास्त आठवतं. गावात भिकारी नव्हते. कुणी कुणाच्या दारात हात पसरला नाही. बरेचसे पुरुष जनावरं घेऊन गोदाकाठी चाऱ्याच्या शोधात गेलेले, मागे मुख्यतः बायका, म्हातारी माणसं, लेकरं. चुली रोज पेटायच्या, वर नुसतं पाणी असलं तरी. आमच्या गल्लीच्या टोकाचा म्हातारा शिंपी मार्गशीर्षात गेला, तेव्हाही सासूबाई म्हणाल्या, "तापानं गेला म्हनं," आणि सगळ्यांनी तेच धरलं. तहसीलदारसाहेबांचा माणूस विचारायला आला, तर पाटलांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमच्या गावात कुणी उपाशी न्हाई." पाटील खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. गावाची अब्रू त्यांना स्वतःच्या घरासारखी होती, आणि घरात असं काही असेल अशी शंकाही त्यांना शिवली नव्हती.

काशी आणि पारू या दोघी जावा. मारुतीच्या देवळामागे त्यांचं दोन खणांचं घर. संक्रांतीच्या आधी बांगड्या भरायला गेले, तर काशी दारात आली.

"पारू कुठाय गं?"

"रानात गेलीय, वहिनी."

रानात काय होतं जायला? पुढच्या बाजाराला पारू आडावर दिसली. पोट पुढे आलेलं, घागर कमरेवर. "काशी न्हाई आली?" म्हटलं, तर म्हणाली, "घरात हाय, डोकं दुखतंय तिचं." ती चालायला लागली तसा पदर वाऱ्यानं उडाला, आणि हिरव्या लुगड्याच्या कोपऱ्यावर काळ्या दोऱ्यानं घातलेला टाका मला दिसला. तोच टाका मी काशीच्या पदरावर पाहिला होता.

मी घरी न जाता सरळ देवळामागे गेले. दार ढकललं. आतून आवाज आला, "वहिनी, आत येऊ नगा." पण तोवर मी आत होते. रिकाम्या कणगीच्या आड काशी बसली होती, अंगाभोवती गोणपाट गुंडाळून. तिनं मान भिंतीकडे वळवली.

"तोंड फिरवा तरी," ती म्हणाली.

मी तोंड फिरवलं आणि तशीच उभी राहिले. पारू घागर घेऊन आली, मला पाहून दारातच थबकली. मग तिनं घागर उतरवली आणि खाली बसली.

"सांगितलं कावून न्हाई?" मी विचारलं.

"काय सांगू?" पारू म्हणाली. "भाकर मागितली असती एखांद्या येळी. लुगडं कसं मागायचं, वहिनी?"

मी म्हणाले, माझं घे, घरी दोन आहेत. तिनं मान हलवली. "तुमचं लुगडं सारं गाव वळखतं. त्यात मला बघितलं की समद्यांना कळंल. मग ह्यांनी परत आल्यावर तोंड कुठं दाखवायचं?"

"पन संक्रांतीला तरी दोघी या."

तेव्हा पारू हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "गावातल्या समद्याच फाटकं नेसून आल्या, तर आमी बी येऊ."

वाटेत मला ते वाक्य सोडेना. ती टोचून बोलली होती, मला मात्र त्यात वाट दिसत होती.

आमचे मालक भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांना मी सगळं सांगितलं, नावं मात्र गाळून. ते मंडळाच्या धोंडीआबांकडे गेले. आबा सत्तरीचे, आवाज अजून खणखणीत. आबा त्यांना घेऊन मोमीन जमातीच्या चाँदभाईंकडे गेले. चाँदभाई विणकरांचे मुखिया. त्यांच्या गल्लीतले माग दिवाळीपासून बंद होते, कारण लुगडं घ्यायला कुणी येतच नव्हतं. मग तालमीच्या सखाराम वस्तादालाही बोलावलं. दर्ग्यामागच्या चिंचांखाली दुपारी चौघे बसले. भिंतीच्या अलीकडे मी आणि चाँदभाईंच्या घरच्या रहिमतबी, बांगड्या भरायचं निमित्त करून.

तिथे मला पहिल्यांदा कळलं, की प्रत्येकाच्या नजरेला थोडं थोडं पडलं होतं. वस्ताद म्हणाले, "शिंप्याची तिरडी आमच्या पोरांनी उचलली. वजनच नव्हतं हो त्याला. पोरं घाबरली." आबा म्हणाले, "भजनाला म्हातारे येतात आन् टाळ हातात तसाच धरून बसतात. मला वाटलं, थंडी हाय." चाँदभाई म्हणाले, "आमच्यात रोजे संपून किती म्हैने झाले, पन घराघरात रोजाच चाललाय." प्रत्येकाला आपापल्या दारातलं ठाऊक होतं आणि प्रत्येकानं ते आपलंच दुखणं म्हणून झाकून ठेवलं होतं. आता चारही तुकडे एका जागी आले.

वस्ताद गरम डोक्याचे. ते म्हणाले, "तहसीलदाराचा दौरा येतोय. कोण कोण उपाशी हाय, त्याची नावं चावडीवर वाचून दावू. मग बघू कोण न्हाई म्हनतं."

"न्हाई," चाँदभाई म्हणाले. "नाव वाचलं की इज्जत गेली. पोटाला मिळंल, पन मानूस घराभायेर पडायचा न्हाई."

"मग सांगायचं कसं? मुक्यानं?"

सभा-जलसा भरवायचा तर निजामाच्या राज्यात परवानगी लागायची, आणि ती मागितली असती तर आधी पाटलांनाच विचारलं गेलं असतं. तेव्हा रहिमतबींनी मला कोपरानं ढोसलं. त्यांना मी पारूचं वाक्य सांगितलं होतं. मी भिंतीच्या आडूनच बोलले. हळदीकुंकवाला परवानगी लागत नाही. संक्रांतीला गावातल्या सगळ्या बायकांनी जुनं, विरलेलं, ठिगळाचं नेसून इथे चिंचांखाली यायचं. मग कोण गरीब, कोण नाही, कुणाला ओळखता येणार नाही. आणि बघणाऱ्याला गाव काय झालंय ते दिसेल.

पलीकडून धोंडीआबा म्हणाले, "पोरी, हे तुझं डोकं हाय?"

"न्हाई आबा. ज्यांच्यावर बेतलंय त्यांचंच हाय."

ठरवणं सोपं होतं, करणं अवघड. पहिला अडसर माझ्याच घरात. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "सवाशिनीनं सणाला फाटकं नेसायचं? हे आक्रीत कुठं ऐकलं न्हाई मी." दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. गावातल्या कितीतरी जणी हेच म्हणाल्या, आणि त्यांचं चुकत होतं असं मला अजूनही वाटत नाही. जिच्याकडे सणाच्या एका लुगड्याशिवाय मिरवायला काहीच नव्हतं, तिला तेही काढून ठेव म्हणणं सोपं नव्हतं.

मी पाटलीणबाईंकडे गेले. त्यांचे हात भरत असताना म्हणाले, "एक मागायचं हाय." सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मालक तर म्हनतात, गावात कुणी उपाशी न्हाई."

"तुमाला काय वाटतं?"

त्यांनी हातातला चुडा फिरवला. मग हळूच विचारलं, "शिंपी तापानंच गेला न्हवं?"

"तिरडी उचलनाऱ्यांना इचारा, बाई."

त्या उठल्या. पेटी उघडली. सगळी लुगडी धड. फाटकं एकही नाही, आणि ते त्यांना त्याच क्षणी जाणवलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. शेवटी वाकळ शिवायला म्हणून बाजूला काढलेलं एक विटकं लुगडं त्यांनी गाठोड्यातून ओढून काढलं आणि झटकून खांद्यावर टाकलं. "मी येते," म्हणाल्या. "मालकांना मी सांगते. तुमी न्हाई सांगायचं." पाटलीणबाई येणार म्हटल्यावर सासूबाई एकदम बोलायला लागल्या. मुद्दाम जुनेराची घडी शोधू लागल्या. आणि त्या धांदलीत मी माझं एक जुनं लुगडं टोपलीच्या तळाशी घालून देवळामागे देऊन आले. आता ते कुणी ओळखलं असतं तरी बिघडत नव्हतं. ज्यांच्याकडे फाटकं नव्हतं त्या शेजारणीकडून मागून नेत होत्या, सगळ्याच जणी एकमेकींची जुनेरं नेसणार होत्या.

तहसीलदारसाहेबांचा दौरा संक्रांतीच्या आदल्या दिवशी आला. त्यांच्याबरोबर त्यांच्या बेगमसाहेबा होत्या, पडद्यानं झाकलेल्या बैलांच्या दमणीतून आलेल्या. त्यांनी बांगड्यांसाठी मला बोलावलं. गोऱ्या, नाजूक हातांची, बोलायला मोकळी बाई. मी म्हणाले, "उद्या दर्ग्यामागं बायकांचा मेळा हाय. पुरुष कुणी नसनार. तुमी यावं." त्या लगेच हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना गावातल्या वाटा बायकांनी भरल्या. असं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. पिवळट पडलेले पदर, ठिगळं, गाठी मारलेले काठ. वाण्याची बायको, पाटलीणबाई, गुरवीण, मोमीन गल्लीतल्या बाया विरलेल्या चादरी डोक्यावरून घेऊन. एरवी ज्या विधवा सणाला घराच्या आतल्या खोलीत बसत, त्याही आल्या, आणि कुणी त्यांना अडवलं नाही. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बायाही आल्या. त्या लांब बसल्या. तेव्हाची रीत तशी होती, लिहिताना ती टोचते. तालमीची पोरं वाटेवर लांबवर पाठ करून उभी होती, कुणी बघ्या पुरुष इकडे वळू नये म्हणून. भिंतीपलीकडे भजनी मंडळाचा टाळ चालू होता. दोन काहिली चुलाणावर चढल्या होत्या, एक मंडळाची, एक जमातीची, पण धान्य एकाच ढिगातलं, घराघरातून मूठमूठ गोळा केलेलं. जवारीच्या कण्या. वर मीठ आणि थोडं ताक.

आणि देवळाच्या वाटेनं काशी आणि पारू आल्या. दोघी बरोबर. पारूनं माझं जुनं निळं लुगडं नेसलं होतं. कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती माझ्याजवळून गेली, आणि तिनं माझा दंड दाबला.

बेगमसाहेबा आल्या आणि थांबल्याच. इतकी फाटकी वस्त्रं त्यांनी एका जागी पाहिली नसावीत. हळूच मला म्हणाल्या, "इन में ग़रीब कौन है?"

मी म्हणाले, "आमी सांगनार न्हाई, बाईसाहेब. तुमीच पंगतीत बसा."

त्या बसल्या. खरंच बसल्या, मातीवर, पाटलीणबाई आणि पारू यांच्यामध्ये. कण्या आल्या. पारूनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. ते डोळे मिटणं बेगमसाहेबांनी पाहिलं. त्यांनी पाटलीणबाईंकडे पाहिलं, पुन्हा पारूकडे. मग पारूचा हात हातात घेतला. मनगटावरचा चुडा कोपरापर्यंत सरकला. पलीकडून टाळ ऐकू येत होता. बेगमसाहेबांनी पुढच्या बाईचा हात पाहिला, तिच्या पुढचीचा पाहिला. मग आपल्या पानावरच्या कण्या पारूच्या पानात ओतल्या आणि उठल्या.

भिंतीपलीकडे काय चाललं होतं ते आमच्या मालकांनी नंतर सांगितलं. बेगमसाहेबांना पोचवायला आलेले तहसीलदारसाहेब चिडले होते. "गरीब आहेत म्हणता तर नावं द्या," ते म्हणत होते. चाँदभाई हात जोडून उभे होते. "साहेब, गरीब कोन ते आमी सांगनार न्हाई. गाव गरीब झालंय, येवढंच सांगतो." पाटील बाजूला उभे, तोंड लाल. धोंडीआबांनी टाळ खाली ठेवून तेच सांगितलं. वस्तादांनीही तेच, या वेळी आवाज न चढवता. तेवढ्यात बेगमसाहेबांची दासी निरोप घेऊन आली आणि साहेबांच्या कानात बोलली. मग पाटलांकडे वळून साहेबांनी विचारलं, "तुमच्या घरच्याही तिथे आहेत?"

पाटील म्हणाले, "हायेत." आणि मग, आमचे मालक सांगतात, ते हळूच म्हणाले, "मला दिसलंच न्हाई, साहेब. मी रोज त्याच रस्त्यानं जातो."

पुढच्या बाजाराच्या आत तहसीलदारसाहेबांच्या हुकमानं गावच्या जुन्या तळ्याच्या बांधाचं काम सुरू झालं. मजुरी धान्यात. विणकरांना जाड्याभरड्या कापडाचं काम मिळालं. मोमीन गल्लीतले माग पुन्हा बोलायला लागले, तो आवाज ऐकून मी टोपली खाली ठेवून क्षणभर भिंतीला टेकले होते. पारूला माती वाहायला लावू नये म्हणून वस्तादांनी तिला कामकऱ्यांना पाणी पाजायला बसवलं. चैत्रात तिला मुलगी झाली, बारीक पण रडायला जोरदार. तिचा नवरा गोदाकाठाहून परतला तेव्हा जनावरं निम्मीच उरली होती, पण माणसं सगळी होती.

मी हे सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, त्यानंतर गाव कायमचं एक झालं असेल. तसं झालं नाही. दुसऱ्याच वर्षी तालीम आणि भजनी मंडळ पाण्याच्या हौदावरून भांडले. जमातीतही फळी पडली. सासूबाईंनी मरेपर्यंत "त्या साली सवाशिनी फाटकं नेसल्या" म्हणून देवाला दर संक्रांतीला माफी मागितली. पण एक झालं. गावात कुणी गेलं, की "कशानं गेला?" हा प्रश्न लोक दोनदा विचारू लागले. आणि पाटील आडावर थांबून बायकांना रामराम करू लागले. ते आधी कधीच थांबत नसत.

माणूस उपाशी आहे हे त्याला न लाजवता कसं सांगायचं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. त्या एका वेळी सापडलं होतं, आणि तेही पारूच्या तोंडून निघालं होतं. सुनेला मी यातलं सगळं सांगितलं नाही. "सुती दे त्यातलं," एवढंच म्हटलं. ती हसली, "सणाला सुती?" आणि घडी माझ्या मांडीवर ठेवून तिळाकडे पळाली.

त्या दिवसांतली एक पहाट मात्र मला पुन्हा पुन्हा आठवते. बांधावरची पहिली मजुरी मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. अजून तांबडं फुटायचं होतं. मी जागी झाले ती एका घरघरीनं. मग दुसरी. मग लांबून तिसरी, मोमीन गल्लीकडून. किती महिन्यांनी दळणाची जाती फिरत होती. कुणीतरी ओवी धरली, गळा बसलेला, पण सूर लागत होता. मी उठायला लागले, तर अंधारातून सासूबाईंचा आवाज आला. त्या अंथरुणात उठून बसल्या होत्या.

"ऐक गं," त्या म्हणाल्या. "ते काशीचं जातं. आन् ते रहिमतबीचं, त्याचा खुंटा ढिला हाय. ते गुरवीनीचं. ते शिंपिनीचं... म्हातारी दळतीया बघ."

आम्ही दोघी ऐकत राहिलो. एकेक जातं मिळत गेलं, आणि थोड्या वेळानं कुठलं कुणाचं ते वेगळं काढता येईना.

"झोप आता," सासूबाई म्हणाल्या, पांघरूण ओढून घेत. "आज घाई न्हाई."